आठ आण्यांची पावती : कामगार संघटना, सभासद-वर्गणी आणि शासकीय नियमन

पुणे जिल्ह्यातील बारामती आणि इंदापूर हे दोन तालुके पूर्वी अवर्षणाचे तालुके म्हणून ओळखले जात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नीरा डाव्या कालव्याचे पाणी या भागात आले आणि ज्वारी-बाजरीच्या शिवारात ऊस उभा राहिला. १९३० नंतरच्या दशकात शेठ वालचंद हिराचंद यांच्या उद्योगसमूहाने इंदापूर तालुक्यात साखर कारखाना काढला व त्याभोवती वालचंदनगर वसले. पुढे सहकाराचे युग आले. बारामती तालुक्यात माळेगाव व सोमेश्वर, तर इंदापूर तालुक्यात भवानीनगरचा श्री छत्रपती असे शेतकऱ्यांच्या मालकीचे कारखाने उभे राहिले. त्यानंतर बारामतीची औद्योगिक वसाहत वाढली. तेथे वाहने, पोलादी नळ्या, दुग्धजन्य पदार्थ व तयार कपडे यांचे उत्पादन होऊ लागले. भिगवण परिसरात कागदाचा कारखाना आला. अशा रीतीने नांगर धरणाऱ्या कुटुंबातील एक मुलगा शेतात आणि दुसरा कारखान्यात, हे चित्र या भागात घरोघरी दिसू लागले.

कारखाना आला की कामगार आला आणि कामगार आला की त्याची संघटना आली. संघटनेचे नाव काढताच सामान्यतः संप, मोर्चा, वेतनकरार अशा ठळक घटना डोळ्यांसमोर येतात. या सर्वांच्या मुळाशी असलेल्या एका लहानशा गोष्टीकडे मात्र फारसे लक्ष जात नाही. ती गोष्ट म्हणजे कामगाराने संघटनेला दरमहा द्यावयाची वर्गणी व त्याबद्दल मिळणारी पावती. ही रक्कम पाहिली तर चहाच्या कपाइतकीही नसते. तरीही कोणती संघटना खरी, कोणाचा शब्द कामगारांचा शब्द मानावयाचा आणि वेतनकरारावर कोणी स्वाक्षरी करावयाची, हे प्रश्न महाराष्ट्रात अनेक दशके या पावतीच्या आधारे सोडविले गेले. म्हणूनच या वर्गणीचे नियमन शासनाने कसे केले, त्यामागील हेतू कोणता आणि त्याच्या मर्यादा कोणत्या, याचा अभ्यास गावपातळीवर काम करणाऱ्या प्रत्येकाला उपयुक्त ठरावा.

वर्गणीविना संघटना ते नोंदणीकृत संघटना

भारतातील कामगार चळवळीचे आद्य प्रवर्तक म्हणून नारायण मेघाजी लोखंडे यांचे नाव आदराने घेतले जाते. सत्यशोधक समाजाच्या या कार्यकर्त्याने १८८४ मध्ये मुंबईतील गिरणी कामगारांची सभा भरविली आणि त्यातून मिलहँड्स असोसिएशन ही संस्था आकारास आली. गिरण्यांना रविवारची साप्ताहिक सुटी मिळाली, ती १८९० मध्ये, लोखंडे यांच्या प्रयत्नांमुळेच. परंतु या संस्थेला सभासदांची नोंदवही नव्हती, निधी नव्हता आणि लिखित नियमही नव्हते. ती लोखंडे यांच्या व्यक्तिमत्त्वावर उभी होती. १८९७ मध्ये त्यांचे निधन झाले आणि संस्थेचे कार्यही जवळजवळ थांबले. नेतृत्व कितीही थोर असले तरी सभासद-यादी आणि निधी यांच्यावाचून संघटना टिकत नाही, हा धडा पहिल्याच प्रयत्नाने दिला.

दुसरा धडा मद्रासने दिला. तेथील बकिंगहॅम व कर्नाटिक गिरण्यांच्या मालकांनी १९२० च्या सुमारास कामगार पुढाऱ्यांविरुद्ध न्यायालयात धाव घेतली. संपाला चिथावणी दिल्याबद्दल नुकसानभरपाईची मागणी करण्यात आली व न्यायालयाचा मनाई हुकूम निघाला. संघटना करणे हाच जणू अपराध ठरला. त्यावर ना. म. जोशी यांनी १९२१ मध्ये केंद्रीय कायदेमंडळात ठराव मांडला आणि संघटनांना कायद्याचे संरक्षण देण्याची मागणी केली. तिचे फळ म्हणजे भारतीय कामगार संघटना अधिनियम, १९२६ होय. तो १ जून १९२७ पासून अमलात आला.

या कायद्याचे स्वरूप देवाणघेवाणीचे होते. शासनाने नोंदणीकृत संघटनेला दिवाणी व फौजदारी कारवाईपासून विशिष्ट संरक्षण दिले. त्याच्या बदल्यात संघटनेने लेखी घटना करावी, सभासदांची यादी ठेवावी, निधी कशासाठी खर्च करावयाचा ते घटनेत लिहावे आणि दरवर्षी तपासलेला हिशेब निबंधकाकडे पाठवावा, अशी बंधने घातली. शासनाचे नियमन हे संघटनेच्या गळ्यातील लोढणे आहे, असे कित्येकदा म्हटले जाते. नियमनाचा इतिहास पाहता ते संरक्षणाच्या जोडीनेच आले, हे ध्यानात घ्यावयास हवे.

किमान दर का ठरविला गेला ?

प्रारंभी कायद्याने वर्गणीचा दर ठरविलेला नव्हता. परिणामी केवळ कागदावर हजारो सभासद दाखविणाऱ्या संघटना निर्माण होऊ लागल्या. नाव लिहून घेण्यास काहीच लागत नसल्यामुळे एकाच कामगाराचे नाव दोन-तीन याद्यांत आढळे. याला आळा घालण्यासाठी १९६० मध्ये कायद्यात दुरुस्ती करून दरमहा दरसभासद किमान २५ नवे पैसे वर्गणी असावी, असे बंधन घालण्यात आले. वर्षाचे तीन रुपये झाले. कामगाराने खिशातून चार आणे काढून दिले, तर त्याची त्या संघटनेवर काहीतरी निष्ठा आहे, असे मानावयास आधार मिळतो, हा त्यामागील सरळ विचार होता.

न्यायमूर्ती प्र. बा. गजेंद्रगडकर यांच्या अध्यक्षतेखालील राष्ट्रीय श्रम आयोगाने १९६९ च्या अहवालात हा दर दरमहा एक रुपया करावा, अशी शिफारस केली. प्रत्यक्षात हा बदल होण्यास तीन दशकांहून अधिक काळ लागला. २००१ च्या दुरुस्तीने, जी ९ जानेवारी २००२ पासून लागू झाली, तीन दर निश्चित करण्यात आले. ग्रामीण कामगारांसाठी वर्षाला किमान एक रुपया, अन्य असंघटित क्षेत्रातील कामगारांसाठी वर्षाला किमान तीन रुपये आणि इतरांसाठी वर्षाला किमान बारा रुपये. त्याच दुरुस्तीने नोंदणीची अटही कडक केली. त्यापूर्वी कोणत्याही सात कामगारांना संघटना नोंदविता येत असे. दुरुस्तीनंतर संबंधित आस्थापनेतील किंवा उद्योगातील किमान दहा टक्के अथवा शंभर कामगार, यांपैकी जी संख्या कमी असेल तितके सभासद आवश्यक ठरले. मात्र ही संख्या सातांपेक्षा कमी असून चालत नाही.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. कायद्याने ठरविलेला दर हा किमान दर होय, कमाल नव्हे. त्याहून अधिक वर्गणी घेण्याचा अधिकार संघटनेला असतो. मात्र तो अधिकार घटनेप्रमाणे व सभासदांच्या ठरावानेच वापरावयाचा असतो. पदाधिकाऱ्यांनी परस्पर दर वाढविला तर सभासदाला त्याबद्दल विचारणा करण्याचा पूर्ण हक्क आहे.

पावती म्हणजे मोजमाप

नोंदणी आणि मान्यता या दोन भिन्न गोष्टी आहेत. नोंदणी ही शासनाच्या निबंधकाकडे होते व एका कारखान्यात अनेक नोंदणीकृत संघटना असू शकतात. मान्यता म्हणजे वाटाघाटीच्या वेळी मालकासमोर बसण्याचा अधिकार. १९२६ च्या कायद्यात मान्यतेची परिणामकारक तरतूद नव्हती. ही उणीव महाराष्ट्राने आपल्या दोन कायद्यांनी भरून काढली.

पहिला कायदा मुंबई औद्योगिक संबंध अधिनियम, १९४६ हा होय. गुलझारीलाल नंदा हे मुंबई राज्याचे मजूरमंत्री असताना तो संमत झाला. कापड उद्योगाप्रमाणेच साखर उद्योगालाही तो लागू करण्यात आल्यामुळे बारामती-इंदापूरच्या साखर कामगारांचा या कायद्याशी निकटचा संबंध आला. एखाद्या स्थानिक क्षेत्रातील त्या उद्योगाच्या एकूण कामगारांपैकी किमान २५ टक्के सभासद असणाऱ्या संघटनेला ‘प्रातिनिधिक संघटना’ म्हणून नोंदविण्याची पद्धत त्याने घालून दिली.

दुसरा कायदा महाराष्ट्र कामगार संघटनांना मान्यता देणे व अनुचित कामगार प्रथांना प्रतिबंध करणे अधिनियम, १९७१ हा होय. राज्य शासनाने १९६८ मध्ये नेमलेल्या समितीच्या अहवालावर तो आधारलेला होता व ८ सप्टेंबर १९७५ पासून अमलात आला. ज्या उद्योगांना १९४६ चा कायदा लागू नव्हता, अशा पन्नास किंवा अधिक कामगारांच्या उपक्रमांसाठी यातील मान्यतेचे प्रकरण होते. औद्योगिक वसाहतींतील कारखाने यात आले. या कायद्याने ‘सभासद’ या शब्दाची व्याख्याच वर्गणीवर उभारली. दरमहा किमान पन्नास पैसे वर्गणी भरणारा तो सभासद. मागील सहा महिन्यांत तीन महिन्यांहून अधिक काळाची वर्गणी थकली असेल, तर तो त्या वेळी सभासद मानला जात नसे.

एका उदाहरणाने हे अधिक स्पष्ट होईल. समजा, एका कारखान्यात ४०० कामगार आहेत आणि एका संघटनेने जुलै महिन्यात औद्योगिक न्यायालयाकडे मान्यतेसाठी अर्ज केला. १९७१ च्या कायद्यानुसार अर्जाच्या महिन्यापूर्वीच्या सहाही महिन्यांत, म्हणजे जानेवारी ते जून या संपूर्ण काळात, तिची सभासदसंख्या ३० टक्क्यांहून कमी असता कामा नये. ४०० चे ३० टक्के म्हणजे १२०. जानेवारीत १२५, फेब्रुवारीत १२२, पण मार्चमध्ये काही सभासद सोडून गेल्याने ११८ आणि पुढे पुन्हा १३० अशी संख्या असेल, तर मार्चच्या दोन सभासदांवर अर्ज अडतो. तपासणी अधिकारी पावतीपुस्तके, सभासद-नोंदवही आणि कारखान्याचा हजेरीपट एकमेकांशी पडताळून पाहत. ज्या संघटनेने पावत्या वेळच्या वेळी फाडल्या नाहीत व नोंदी नीट ठेवल्या नाहीत, तिची बाजू खरी असूनही ती सिद्ध करणे अवघड होई. सहा महिन्यांची किमान वर्गणी अवघी तीन रुपये. परंतु त्या तीन रुपयांच्या नोंदीवर शेकडो कुटुंबांच्या वेतनकराराची सूत्रे कोणाच्या हाती जावयाची, हे ठरत असे.

मान्यताप्राप्त संघटनेवर आणखी काही बंधने होती. कार्यकारी समितीच्या दोन बैठकांत तीन महिन्यांहून अधिक अंतर नसावे, सर्व ठराव कार्यवृत्ताच्या पुस्तकात लिहावेत आणि शासनाने नेमलेल्या लेखापरीक्षकाला वर्षातून किमान एकदा हिशेब तपासता यावेत. त्याबरोबरच, जेथे पगारवाटप होते त्या जागेवर सभासदांकडून वर्गणी गोळा करण्याचा हक्कही तिला मिळाला होता. पगाराच्या दिवशी खिडकीशेजारी टेबल मांडून पावत्या फाडण्याच्या पद्धतीला यामुळे कायद्याचा आधार मिळाला.

वेतनातून कपात : संमती कोणाची ?

पगार रोखीने मिळण्याचे दिवस मागे पडले आणि तो बँकेत जमा होऊ लागला. खिडकीशेजारचे टेबल ओघाने निरुपयोगी झाले. आता वर्गणी बहुधा वेतनातूनच कापून संघटनेकडे पाठविली जाते. ही सोय आहे, पण तिच्यात धोकाही आहे. रोख देताना कामगार दर महिन्याला एक प्रकारे मत देत असतो. कपात एकदा सुरू झाली की ती चालूच राहते व ती कोणत्या संघटनेसाठी होते, हेही काही काळाने त्याच्या विस्मरणात जाते.

या बाबतीत कायद्याची भूमिका निःसंदिग्ध आहे. १९८२ मध्ये वेतन प्रदान अधिनियम, १९३६ मध्ये दुरुस्ती होऊन नोंदणीकृत संघटनेची वर्गणी वेतनातून कापण्यास कामगाराच्या लेखी अधिकारपत्राची अट घालण्यात आली. वेतन संहिता, २०१९ मध्येही लेखी संमतीची ही अट कायम ठेवलेली आहे. याशिवाय सर्व कपाती मिळून वेतनाच्या पन्नास टक्क्यांहून अधिक होता कामा नयेत. पतसंस्थेचा हप्ता, भविष्यनिर्वाह निधी आणि संघटनेची वर्गणी अशा अनेक कपाती असणाऱ्या कामगाराने पगारपत्रकातील प्रत्येक रकान्याचा अर्थ समजून घेणे किती आवश्यक आहे, हे यावरून दिसून येईल.

नियमित वर्गणीखेरीज आणखी एक कपात वादाचा विषय ठरत आली आहे. नवा वेतनकरार मागील तारखेपासून लागू झाला की कामगारांना मोठी रक्कम ‘फरक’ म्हणून मिळते. त्यातील काही भाग संघटनेच्या निधीसाठी घेण्याची प्रथा आहे. मुंबईतील बामर लॉरी कंपनीत मान्यताप्राप्त संघटनेशी झालेल्या समझोत्यात फरकाच्या १५ टक्के रक्कम संघटना निधीसाठी कापण्याचे कलम होते. प्रतिस्पर्धी संघटनेने त्याला आव्हान दिले. जे आमचे सभासद आहेत, त्यांच्या घामाच्या पैशातून दुसऱ्या संघटनेला निधी का द्यावा, हा तिचा प्रश्न होता. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९८४ मध्ये हा आक्षेप अमान्य केला. संमतीने झालेल्या समझोत्यानुसार होणारी अशी कपात ही सक्तीची वसुली नव्हे आणि कराराचा लाभ घेणाऱ्याने त्याच्या अटीही स्वीकाराव्यात, असा या निर्णयाचा आशय होता. यातून कामगाराने घ्यावयाचा बोध असा की, करारावर स्वाक्षऱ्या होण्यापूर्वीच त्यातील कपातीचे कलम वाचावे व सर्वसाधारण सभेत त्यावर बोलावे. नंतरची तक्रार बहुधा उशिराची ठरते.

निधी कोणाचा, हिशेब कोणाला ?

वर्गणीतून जमा झालेला निधी पदाधिकाऱ्यांचा नसतो. तो सभासदांचा असतो. १९२६ च्या कायद्याने सर्वसाधारण निधीच्या खर्चाची प्रयोजने नमूद केली होती. संघटनेचा प्रशासकीय खर्च, कामगारांच्या हक्कांसाठी चालणारे दावे, औद्योगिक तंट्यांचा खर्च, तंट्यामुळे नुकसान सोसणाऱ्या सभासदांना साहाय्य, मृत्यू, वार्धक्य, आजार, अपघात किंवा बेकारी यांच्या प्रसंगी मदत, तसेच सभासद व त्यांच्या कुटुंबीयांचे शिक्षण अशी ती यादी होती. राजकीय कार्यासाठी पैसा हवा असल्यास त्याचा निधी वेगळा ठेवावा लागे व त्यात पैसे देण्याची सक्ती कोणत्याही सभासदावर करता येत नसे. असा निधी दिला नाही म्हणून सभासदाला कोणत्याही लाभापासून वंचित ठेवता येत नाही. हे तत्त्व नव्या संहितेतही कायम आहे.

हिशेबाची पुस्तके व सभासदांची यादी पाहण्याचा हक्क प्रत्येक सभासदाला असतो. हा हक्क वापरणारे सभासद किती असतात ? अनेक ठिकाणी तो विचारणे म्हणजे पुढाऱ्यावर अविश्वास दाखविणे, असा गैरसमज आढळतो. सहकारी सोसायटीचा अहवाल मागताना शेतकरी संकोच करीत नाही. मग त्याच्याच कामगार मुलाने संघटनेचा ताळेबंद मागण्यात संकोच का करावा ? हिशेब देणारी संघटना वाटाघाटीच्या टेबलावरही अधिक बळकट असते. तिच्या शब्दामागे किती लोक आहेत, हे मालकालाही ठाऊक असते.

पावतीच्या मोजमापाची मर्यादा

पावतीच्या आधारे केलेली गणना नेहमीच कामगारांच्या मनाचे खरे प्रतिबिंब दाखविते काय ? या प्रश्नाचे सर्वांत मोठे उदाहरण मुंबईच्या गिरणी संपाचे आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. १९४६ च्या कायद्यानुसार त्या वेळी प्रातिनिधिक संघटना होती राष्ट्रीय मिल मजदूर संघ. कामगार एका नेत्यामागे आणि वाटाघाटीचा कायदेशीर अधिकार दुसऱ्या संघटनेकडे, अशी स्थिती निर्माण झाली. १९४६ चा कायदा रद्द करावा, ही संपकऱ्यांची एक प्रमुख मागणी होती. त्या संपाच्या यशापयशाबद्दल मतभेद आहेत. परंतु सभासद-नोंदवही आणि कामगारांचे मत यांच्यात अंतर पडू शकते व असे अंतर पडले तर त्याची किंमत अखेरीस कामगारालाच मोजावी लागते, याविषयी दुमत नसावे.

यावर उपाय म्हणून गुप्त मतदानाचा मार्ग सुचविला जातो. भारतीय अन्न महामंडळाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये गुप्त मतदानाने प्रातिनिधिक संघटना ठरविण्याची कार्यपद्धती घालून दिली. मतदानाच्या बाजूने असे सांगितले जाते की, त्यात कामगाराला निर्भयपणे कौल देता येतो. पावतीच्या बाजूने असे सांगितले जाते की, एका दिवसाच्या लाटेपेक्षा महिनोन् महिने दिलेली वर्गणी ही अधिक विश्वसनीय निष्ठा होय. दोन्ही बाजूंत तथ्य आहे.

आता कायद्याची चौकटही बदलली आहे. औद्योगिक संबंध संहिता, २०२० ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली व तिने १९२६ च्या कायद्याची जागा घेतली. जुन्या कायद्याखाली वैधपणे नोंदलेल्या संघटनांची नोंदणी संहितेखालील नोंदणी मानण्याची तरतूद तिच्यात आहे. मान्यतेचे माप मात्र उंचावले आहे. एकाहून अधिक संघटना असतील तेथे हजेरीपटावरील ५१ टक्के किंवा अधिक कामगारांचा पाठिंबा असणारी संघटना एकमेव वाटाघाटी संघटना ठरते. तसा पाठिंबा कोणालाच नसेल तर किमान २० टक्के पाठिंबा असणाऱ्या संघटनांची वाटाघाटी परिषद स्थापन होते. वर दिलेल्या ४०० कामगारांच्या उदाहरणात पूर्वी १२० सभासद पुरत. नव्या मापाने २०४ लागतील. संघटनेला आता बहुसंख्य कामगारांच्या दारात जाणे भाग आहे. तेव्हा सभासद-नोंदणी आणि वर्गणीच्या नोंदी काटेकोर ठेवणे पूर्वीपेक्षा अधिकच निकडीचे झाले आहे.

ज्यांची गणनाच होत नाही

वरील सर्व व्यवस्था हजेरीपटावर नाव असणाऱ्या कामगारासाठी आहे. बारामती-इंदापूर भागात ज्यांचे नाव त्या पटावर नाही किंवा वर्षभर राहत नाही, असे तीन वर्ग आहेत.

पहिला वर्ग हंगामी साखर कामगारांचा. गळीत हंगाम संपला की तो आपल्या शेताकडे वळतो. बंद हंगामात वर्गणी थकते व त्याबरोबर त्याचे सभासदत्वही धोक्यात येते. अशा कामगाराने हंगाम संपतानाच पुढील महिन्यांची वर्गणी भरून पावती घेणे हितावह होय.

दुसरा वर्ग कंत्राटी कामगारांचा. तो काम करतो एका कारखान्यात, परंतु त्याचे नाव असते कंत्राटदाराच्या पटावर. सिप्ला कंपनीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये असा निर्णय दिला की, कामगार मूळ कंपनीचाच आहे हे आधी योग्य न्यायाधिकरणापुढे सिद्ध झाल्याशिवाय १९७१ च्या कायद्याखाली त्या कंपनीविरुद्ध तक्रार चालू शकत नाही. परिणामी त्याने वर्गणी भरली तरी मुख्य कारखान्यातील गणनेत ती धरली जाण्यास अडचण येते.

तिसरा वर्ग ऊसतोड कामगारांचा. बीड, अहिल्यानगर व अन्य जिल्ह्यांतून हंगामात येणाऱ्या या टोळ्या मुकादमाकडून उचल घेतात व नवराबायकोचा मिळून एक कोयता धरला जातो. त्यांच्या संघटना आहेत आणि तोडणीदराच्या वाटाघाटीही राज्य पातळीवर होतात. जानेवारी २०२४ मध्ये झालेल्या समझोत्याने तोडणीदरात ३४ टक्के वाढ झाली. तथापि कोणत्याही कारखान्याच्या हजेरीपटावर नाव नसल्याने त्यांच्या संघटनांचे बळ मोजण्याची अशी रीतसर सोय नाही. ज्यांच्या कोयत्यावर सारा साखर हंगाम अवलंबून आहे, त्यांच्या हाती वर्गणीची पावतीही नसावी, ही विचार करावयास लावणारी बाब आहे. २००२ पासून लागू झालेल्या वर्षाला एक रुपया या ग्रामीण दराचा हेतू अशाच कामगारांना संघटनेच्या कक्षेत आणणे हा होता. तो पुरा झाला, असे म्हणता येणार नाही.

आपण काय करू शकतो ?

कामगार संघटनेच्या अंतर्गत कारभारात ग्रामपंचायतीने किंवा शिक्षकाने ढवळाढवळ करू नये, हे उघड आहे. तसेच कोणत्या संघटनेत जावे, हे सांगणेही त्यांचे काम नव्हे. परंतु कामगार राहतो गावातच. कागद वाचून घेण्यासाठी तो गुरुजींकडे, सरपंचांकडे किंवा ग्रामसेवकाकडे येतो. अशा वेळी त्याला नेमकी माहिती देणे हे लोकशिक्षणाचेच कार्य होय.

वर्गणी देताना क्रमांक, महिना, रक्कम व संघटनेचा नोंदणी क्रमांक असलेली पावती घ्यावी. वेतनातून कपात होत असेल तर अधिकारपत्रावर कोऱ्या जागी स्वाक्षरी करू नये. त्यावर संघटनेचे नाव, दर आणि कपात सुरू होण्याचा महिना लिहिलेला असावा व त्याची एक प्रत आपल्याकडे ठेवावी. संघटना बदलावयाची झाल्यास जुने अधिकारपत्र लेखी पत्राने मागे घ्यावे व पोच घ्यावी. वर्षातून एकदा हिशेब पाहावा आणि सर्वसाधारण सभेला हजर राहावे. नोंदणीविषयी शंका असल्यास पुणे येथील कामगार आयुक्तालयाच्या कार्यालयात चौकशी करावी. एवढ्या गोष्टी गावच्या वाचनालयात किंवा पंचायतीच्या फलकावर लिहून ठेवल्या तरी पुष्कळ उपयोग होईल.

पंचायत सदस्यांनी आणखी एका गोष्टीचे स्मरण ठेवावे. ग्रामपंचायत ही स्वतः मालकही आहे. पाणीपुरवठ्याचा कर्मचारी, सफाई कामगार व शिपाई हे तिचे कर्मचारी आहेत आणि त्यांनाही संघटना करण्याचा हक्क आहे. राज्यघटनेच्या अनुच्छेद १९ ने नागरिकाला दिलेले संघटनास्वातंत्र्य कारखान्याच्या फाटकापुरते मर्यादित नाही. संघटनेचा सभासद झाला म्हणून कर्मचाऱ्याकडे वाकड्या नजरेने पाहणारी पंचायत कारखानदाराला कायद्याची आठवण करून देण्याचा नैतिक अधिकार गमावून बसते.

शासनाने दर ठरविले, नोंदवह्यांचे नमुने ठरविले, लेखापरीक्षणाची व मान्यतेची पद्धत घालून दिली. हे सर्व आवश्यक होते व आहे. पण लोखंडे यांच्या काळी ज्या गोष्टीची उणीव होती, ती केवळ कायद्याने भरून निघत नाही. सभासदाने जाणीवपूर्वक दिलेली वर्गणी, पदाधिकाऱ्याने प्रामाणिकपणे फाडलेली पावती आणि दोघांनी मिळून पाहिलेला हिशेब या तीन गोष्टी जेथे असतील, तेथे संघटनेला आपले बळ सिद्ध करण्यासाठी आवाज चढवावा लागत नाही. बारामती-इंदापूरच्या सहकारी परंपरेत भागधारकाने जे प्रश्न विचारण्याची सवय लावून घेतली, तेच प्रश्न कामगार सभासदाने आपल्या संघटनेला विचारले पाहिजेत. आठ आण्यांच्या पावतीचे मोल त्याला तेव्हाच उमगेल.